इंडक्शन बदलण्याआधी बोर्ड उघडा

इंडक्शन, मायक्रोवेव्ह किंवा फ्रिज बिघडला म्हणून वायरमनला बोलावतात. बऱ्याच घरांत वस्तू धडधाकट निघते आणि दोष भिंतीत सापडतो. स्वयंपाकघरांचे बोर्ड उघडता उघडता मनाशी पक्क्या झालेल्या या काही गोष्टी.

१. आधी लोड बघा. २००० वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट ओढते. मिक्सरचं ६ अँपिअरचं सॉकेट तिच्यासाठी नाही. तरी मोठ्या पिनला कन्व्हर्टर लावून ती तिथेच जोडलेली दिसते. तिला १६ अँपिअरचं सॉकेट आणि मेन बोर्डापासून स्वतंत्र ओढलेली निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर द्या.

२. एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ चा काढून ३२ चा बसवणं हा गुन्हाच मानतो मी. एमसीबी वायरीला जपतो. तो मोठा केला की पडायचा थांबतो आणि भिंतीतली वायर तापत राहते.

३. सॉकेट पिवळं पडलं, जळका वास आला, तर नुसतं सॉकेट बदलून भागत नाही. एका घरी स्क्रू सोडवला तर तांबं काळं पडलेलं, त्यावरचं प्लास्टिक बोट लावताच भुगा होऊन गळालं. मूळ कारण एवढंच, की स्क्रू नीट आवळलेला नव्हता. अशी वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापायची. आखूड पडली तर नवी ओढायची. पाइपात टेप गुंडाळून जोड द्यायचा नाही.

४. अर्थिंगबद्दल मात्र जरा सविस्तर. फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणून घरातल्या बाई पायात चप्पल घालून स्वयंपाक करतात. हे अंगवळणी पडलेलं बघून जीव कासावीस होतो. अशा ठिकाणी हिरवी वायर बहुधा सुटलेली असते, नाहीतर बोर्डापर्यंत आणलेलीच नसते. त्याहून वाईट म्हणजे सॉकेटच्या मागे न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला वायरीचा तुकडा जोडून ‘अर्थिंग’ केलेलं असतं. पुढे कुठे न्यूट्रल सुटला, तर वस्तूतून आलेल्या फेजला परतीची वाट उरत नाही. तो त्या तुकड्यातून थेट पत्र्यावर उतरतो. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून तपासलं तरी ही लबाडी कळत नाही, कारण त्या तुकड्यावरही बल्ब लख्ख पेटतो. म्हणून सॉकेट उघडून, हिरवी वायर कुठे जाते ते डोळ्यांनी बघायचं.

५. माणसाला जपतो तो आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा. तो अर्थिंगच्या जोडीला हवा, अर्थिंगऐवजी नव्हे. त्याचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघा.

६. बोर्डाला हात लावण्याआधी मेन बंद करा. नुसतं बटण बंद करून चालत नाही. काही जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं. ते बंद केलं तरी सॉकेटमध्ये फेज जिवंतच असतो. मेन पाडल्यावरही प्रत्येक टोकाला टेस्टर लावायचा, आणि तो टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून चालतो ना ते बघायचं.

घर भाड्याचं असलं तरी मालकाला सांगून परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. तोवर झिणझिण्या देणारी वस्तू त्या सॉकेटला लावू नका.