जनुक-परिवर्तित अन्न : आरोग्य, शंका आणि दक्षता

नागपूर-जबलपूर मार्गावरील कन्हानच्या आठवडी बाजारात वांगी विकावयास येतात आणि जिल्ह्याच्या शेतांत कपाशी उभी असते. जनुक-परिवर्तित अन्नाच्या सुरक्षिततेविषयी आपल्या देशात झालेला वाद प्रामुख्याने या दोन पिकांभोवतीच फिरला. गावपातळीवरील कार्यकर्त्यांना त्याची शास्त्रीय बाजू ठाऊक असणे अगत्याचे आहे.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जमिनीत आढळणारा जीवाणू. त्याचे जनुक पिकात घातले म्हणजे पीक स्वतःच अळीस मारक असे प्रथिन तयार करते. अळीच्या आतड्यातील विशिष्ट ग्राहकांना चिकटून हे प्रथिन तिचा नाश करते. मानवी आतड्यात असे ग्राहक आढळत नाहीत. म्हणून ते मनुष्यास अपायकारक नाही, असे समर्थकांचे म्हणणे आहे.

बीटी कपाशीस आपल्या देशात मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. आज राज्यातील बहुतेक कपाशी याच प्रकारची आहे. तिच्या सरकीचे तेल स्वयंपाकात आणि ढेप जनावरांच्या खाद्यात जाते. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिनांचा अंश जवळजवळ उरत नाही. वांग्याचे तसे नाही. ते आपण अख्खे खातो. म्हणूनच जालन्याच्या महिको कंपनीने विकसित केलेल्या बीटी वांग्याने वाद पेटला.

ऑक्टोबर २००९ मध्ये जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने या वांग्याची शिफारस केली. त्यानंतर तत्कालीन केंद्रीय पर्यावरण राज्यमंत्री श्री. जयराम रमेश यांनी जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये देशातील सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. नागपूर त्यांपैकी एक होते. चाचण्या कंपनीच्याच माहितीवर आधारलेल्या आहेत, दीर्घकालीन परिणाम तपासलेले नाहीत, हे आक्षेप पुढे आले. ९ फेब्रुवारी २०१० रोजी लागवडीस स्थगिती देण्यात आली. शेजारच्या बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये बीटी वांग्यास मान्यता दिली.

शंका सर्वस्वी निराधार नाहीत. ब्राझील नट या कवचफळाचे जनुक घातलेल्या सोयाबीनमध्ये त्या फळाची ॲलर्जी उतरल्याचे चाचणीतच दिसून आले आणि ते वाण सोडून देण्यात आले. अमेरिकेत केवळ पशुखाद्यासाठी मान्य असलेला स्टारलिंक मका २००० साली माणसांच्या अन्नात सापडला. पहिल्या प्रसंगी चाचणीने धोका टळला. दुसऱ्या प्रसंगी वितरणातील शिथिलता उघड झाली. उलटपक्षी, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१६ च्या अहवालात बाजारातील अशा अन्नामुळे आरोग्याची हानी झाल्याचा पुरावा आढळला नाही. मात्र एका वाणाच्या निर्दोषत्वावरून दुसऱ्याचे निर्दोषत्व सिद्ध होत नाही; प्रत्येकाची स्वतंत्र परीक्षा झाली पाहिजे.

येथेच पंचायतीची जबाबदारी येते. तणनाशकाला दाद न देणाऱ्या कपाशीचे अनधिकृत बियाणे काही भागांत चोरून पेरले जाते. त्याची कोणतीही अधिकृत परीक्षा पूर्ण झालेली नसते आणि पीक बुडाल्यास शेतकऱ्याजवळ पावतीही नसते. म्हणून परवानाधारक कृषी सेवा केंद्रातूनच बियाणे घ्यावे, पावती व पिशवी जपून ठेवावी आणि संशयास्पद विक्री तालुका कृषी अधिकाऱ्यांस कळवावी. खरीपापूर्वीच्या ग्रामसभेत या विषयास अर्धा तास दिला, शाळेत शिक्षकांनी वरील दोन उदाहरणे समजावून दिली, तर भय व भाबडेपणा या दोहोंपासून गावाचे रक्षण होईल.