गर्भारपणातील रक्तदाब आणि रक्ताची साक्ष

महोत्सवाच्या अंकात दुखण्याचा विषय काढल्याबद्दल वाचकांनी रागावू नये. घरोघरी लेकीसुना आहेत म्हणूनच आम्ही तो घेतला आहे.

गर्भारपणात पाय सुजले की वडीलधाऱ्या बायका 'असे व्हायचेच' म्हणून धीर देतात. पुष्कळदा ते खरेही असते. पण विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर राहू लागला आणि लघवीत प्रथिने उतरली, तर डॉक्टर त्यास प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. जुन्या ग्रंथांत याचे नाव टॉक्सिमिया, म्हणजे विषबाधा. ते विष मात्र कोणास सापडले नाही.

आता संशोधकांची दृष्टी वारेवर आहे. गर्भाशयाच्या नागमोडी धमन्या पहिल्या काही महिन्यांत रुंद व्हावयास हव्यात. त्या अरुंद राहिल्या की वारेला रक्त कधी कमी, कधी एकदम मिळते. या ओढाताणीत प्राणवायूचे अतिक्रियाशील कण निर्माण होऊन पेशींच्या आवरणातील स्निग्धांश बिघडवितात. तेल खवट होते, तशातलाच हा प्रकार. यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. त्याची खूण असलेले मॅलोन्डायअल्डिहाइड अशा स्त्रियांच्या रक्तात बहुधा वाढलेले आढळते.

मग क आणि ई जीवनसत्त्वे दिली की झाले, असे कोणासही वाटेल. १९९९ साली लंडनच्या २८३ स्त्रियांवरील प्रयोगाने तशी आशाही दाखविली. परंतु २००६ साली ब्रिटन व ऑस्ट्रेलियात मोठ्या प्रमाणावर पडताळा घेतला, तेव्हा विकार टळला नाही. ब्रिटनमध्ये तर कमी वजनाची बालके अधिक जन्मली. तेव्हा शेजारणीच्या सांगण्यावरून जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा मारा करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२००३ साली दुसरा धागा हाती आला. आजारी वार एसएफएलटी-१ नावाचे प्रथिन रक्तात सोडते आणि ते रक्तवाहिन्यांस निरोगी ठेवणाऱ्या पीएलजीएफला अडवून ठेवते. विकाराची शंका असता या दोहोंचे गुणोत्तर ३८ किंवा कमी आले, तर पुढील आठवडाभर तरी भीती थोडी, असे २०१६ साली दिसून आले. ज्यांना धोका अधिक, त्यांना सोळाव्या आठवड्यापूर्वी अल्प मात्रेत ॲस्पिरिन देतात. अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

घरच्यांनी ओळखावयाच्या खुणा साध्या आहेत: न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणे, तोंडावर एकाएकी सूज. यांपैकी एकही दिसली तर त्याच दिवशी रक्तदाब मोजवावा. बाळंतपणानंतरही पहिले काही आठवडे हे दुखणे उद्भवू शकते, हे माहेरच्यांनी ध्यानात ठेवावे.