घड्याळ एक, इंग्रजी शब्द दोन



सध्या मी रोज रात्री अर्धा तास मोबाईलवर स्पॅनिश शिकतेय. परवा त्यात 'रेलोह' हे नाम आलं. अर्थ दिला होता 'क्लॉक'. पुढच्या वाक्यात बाबांच्या मनगटावर रेलोह होतं. मी बिनधास्त 'क्लॉक' लिहिलं आणि चुकले! तिथे 'वॉच' हवं होतं.

एकदम माझ्या चौथीतली एक मुलगी आठवली. तिने वहीत 'माय फादर्स क्लॉक इज ऑन हिज हँड' असं लिहिलं होतं. मी लाल फुली मारली, कारण सांगितलं नाही. त्यानंतर इंग्रजीच्या तासाला तिचा हात वर झाला नाही.

आता बघा, स्पॅनिशमध्ये भिंतीवरचं असो की मनगटावरचं, रेलोह एकच. अगदी आपल्या घड्याळासारखं. इंग्रजी मात्र दोन शब्द मागते. मग योग्य शब्द निवडायचा कसा?

१) सोबतचा शब्द वाचा. 'पारेद' म्हणजे भिंत, म्हणून 'रेलोह दे पारेद' हे क्लॉक. 'पुल्सेरा' म्हणजे मनगटातलं कडं, म्हणून 'रेलोह दे पुल्सेरा' हे वॉच. 'आरेना' म्हणजे वाळू, पण वाळूच्या घड्याळाला इंग्रजीत सहसा 'अवरग्लास' म्हणतात.

२) जागा बघा. 'देदो' म्हणजे बोट. हाताचं असेल तर 'फिंगर', पायाचं असेल तर 'टो'. इथेही मराठी आणि स्पॅनिश एका बाजूला!

३) पूर्ण वाक्य बघा. 'सुएन्यो' म्हणजे झोपही आणि स्वप्नही. 'तेंगो सुएन्यो' म्हणजे 'मला झोप आलीय'. इंग्रजीत इथे नाम येतच नाही, 'आय ॲम स्लीपी' म्हणावं लागतं.

थोडक्यात, शब्दकोशातला पहिला अर्थ उचलू नका. मुलांनाही सुटे शब्द पाठ करायला देऊ नका, वाक्यासकट द्या.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला जवळ बोलावलं. म्हटलं, "बाळा, तू विचार बरोबर केला होतास. आपल्याकडे दोन्हींना घड्याळच म्हणतात ना!" ती जरा थांबली आणि म्हणाली, "बाई, मग मोबाईलमधलं घड्याळ क्लॉक की वॉच?"

मी मोबाईल तिच्याच हातात दिला. तिने शोधून वाचलं, "क्लॉक!"

फुली मारण्याआधी एकदा विचारूया, "तुला हा शब्द का सुचला?"