नव्या नौकेवरचे पहिले आठवडे

छात्रमित्रांनो, १८ फेब्रुवारी २०१७ रोजी गोव्यात ‘तारिणी’ ही शिडाची नौका भारतीय नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी १० सप्टेंबरला लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. मधल्या काळात त्यांनी मॉरिशसपर्यंत जाऊन परत येण्याची सफर केली होती. नवी नौका हाती आली म्हणून लगेच लांब पल्ल्याला निघता येत नाही. आधी तिच्यावर राहायला शिकावे लागते. ते कसे, हे क्रमाने पाहू.

१. प्रत्येक वस्तूला जागा : शिडाची नौका वाऱ्याने एका बाजूला कलते आणि तासन्‌तास तशीच चालते. अशा वेळी मोकळी ठेवलेली सुरी किंवा पातेले माणसाला जखमी करू शकते. म्हणून जड सामान खाली व मध्यभागी बांधून ठेवावे. वापरलेली वस्तू लगेच जागेवर जावी. धक्क्याला बांधलेल्या नौकेत डोळ्यांवर पट्टी बांधून विजेरी, जीवनजाकीट आणि अग्निशामक शोधून पाहा. सापडले नाही, तर सराव अपुरा आहे.

२. तळाची भोके : इंजिन थंड ठेवण्यासाठी, मोरीसाठी व शौचालयासाठी नौकेच्या अंगाला भोके असतात. प्रत्येक भोकावर एक तोटी असते. तिच्यावरची नळी निसटली, तर समुद्र थेट आत येतो. म्हणून पहिल्याच दिवशी सर्व तोट्यांचा नकाशा काढावा. प्रत्येक तोटी स्वतःच्या हाताने उघडून बंद करावी आणि तिच्याशेजारी योग्य मापाचे लाकडी बूच बांधून ठेवावे.

३. गोडे पाणी : टाकीतले पाणी संपले, तर भोवतालचा समुद्र पिता येत नाही. भांडी खाऱ्या पाण्याने घासून शेवटी थोड्याशा गोड्या पाण्याने विसळावीत. दररोज किती पाणी लागले, याची नोंद ठेवावी.

४. पहारा व झोप : नौका रात्रंदिवस चालते, म्हणून पहारा आळीपाळीने असतो. पहाऱ्यावर वेळेवर जाणे म्हणजे आधीच्या सोबत्याला त्याची झोप परत देणे. थकलेला माणूस चुकीची गाठ मारतो.

५. स्वतःला बांधून घेणे : रात्री किंवा खवळलेल्या समुद्रात डेकवर जाताना सुरक्षापट्टा नौकेला अडकवावा. एका हाताने काम, दुसऱ्याने आधार. माणूस पाण्यात पडला, तर शिडाची नौका जागच्या जागी थांबत नाही. ती वळून येईपर्यंत लाटांत त्याचे डोके दिसेनासे होते.

परतीच्या टप्प्यात तारिणीच्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. दुरुस्तीसाठी नौका मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात न्यावी लागली. तेथून निघून २१ मे २०१८ रोजी, २५४ दिवसांनी, सहाही जणी गोव्यात सुखरूप पोहोचल्या. भर समुद्रात बिघाड होणारच. तेव्हा शोधाशोध करायला वेळ नसतो. शांत दिवसांत केलेली ओळख त्या वेळी उपयोगी पडते.

स्वाध्याय : आज रात्री दिवे मालवल्यावर, न चाचपडता, तुमचे बूट, विजेरी आणि बाहेर जाण्याचा दरवाजा सापडतो का, ते पाहा.