आधी मनगट, मग खुबा

गॅलरीत कपडे वाळत घालताना ओल्या फरशीवरून पाय सरकतो. वय अठ्ठावन्न. तोल जाताना हात आपोआप पुढे येतो, सगळा भार तळव्यावर पडतो आणि मनगटाला जेवणाच्या काट्यासारखा बाक येतो. सहा आठवडे प्लास्टर, मग थोडा व्यायाम, आणि हात पुन्हा पोळ्या लाटू लागतो. त्या वर्षी दिवाळीचा फराळ विकत आणावा लागला, एवढीच काय ती घरात आठवण राहते. चौदा-पंधरा वर्षांनी त्याच बाई पहाटे बाथरूमकडे जाताना पडतात. या वेळी खुबा मोडतो.

ही साखळी अस्थिरोगतज्ज्ञांच्या चांगल्या ओळखीची आहे. घरचे दुसऱ्या पडण्याला नशीब म्हणतात, पण हाडांनी पूर्वसूचना दिली होती. ती कोणी वाचली नाही.

मनगटाच्या या फ्रॅक्चरचे नेमके वर्णन डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली केले. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा ८१ वर्षे अवकाश होता. हाताचा आकार पाहून आणि हाड चाचपून कॉलिस यांनी जे ओळखले, त्याला आजही ‘कॉलिस फ्रॅक्चर’च म्हणतात. आता एक्स-रे पाच मिनिटांत निघतो, हाड जुळवले जाते, प्लास्टर चढते, गरज पडली तर तारा किंवा प्लेट बसते. राहून जातो तो पुढचा प्रश्न: उभ्या उभ्या पडल्याने हाड मोडलेच कसे?

निरोगी हाड एवढ्याशा पडण्याने मोडत नाही. उभ्या माणसाच्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून पन्नाशीनंतर मनगट, मणका, खांदा किंवा खुबा मोडला, तर हाड ठिसूळ झाल्याचा संशय घ्यायचा, हा वैद्यकातला साधा नियम आहे. मोटारसायकलवरून पडणे वेगळे आणि चटईत पाय अडकून पडणे वेगळे.

हाड म्हणजे भिंतीत चिणलेली वीट नव्हे. एका प्रकारच्या पेशी जुने हाड कुरतडत असतात, दुसऱ्या प्रकारच्या नवे भरत असतात. साधारण तिशीपर्यंत भरणाऱ्यांची सरशी असते, पुढे हिशेब हळूहळू उलटतो. पाळी थांबली की इस्ट्रोजेनचा लगाम सुटतो आणि पहिली काही वर्षे झीज झपाट्याने होते. भारतीय स्त्रियांची पाळी पाश्चात्त्य स्त्रियांच्या तुलनेत सरासरी काही वर्षे आधीच थांबते. त्यातही ज्यांची गर्भाशयाची पिशवी तरुणपणीच काढली आहे, त्यांनी अधिक सावध राहावे. सोबत बीजकोषही काढले असतील तर झीज लगेच सुरू होते. ते ठेवले असले तरी त्यांचे काम लवकर मंदावू शकते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्या चर्चेत गर्भाशयाबद्दल पुष्कळ बोलले गेले. तिशी-पस्तिशीत ऑपरेशन होऊन पुढे डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या त्या बायकांच्या हाडांचे काय, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

पुरुष यातून सुटलेले नाहीत. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड, दारू, तंबाखू, थायरॉइडचा विकार, मूत्रपिंडाचा आजार यांनी त्यांचीही हाडे पोखरली जातात. सांधेदुखीवरच्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. पुडी घेतली की गुडघ्याचे दुखणे दोन दिवसांत थांबते, आणि हाड मुकाट्याने झिजत राहते.

मनगट आणि खुबा यांच्यामधली कडी बहुतेकदा मणक्याची असते. मणका दबला तरी अनेकांना कंबरदुखीपलीकडे काही जाणवत नाही. वरच्या फळीवरचा डबा हाताला लागेनासा होतो, पाठीला बाक येतो, जुना फोटो पाहून ‘आई खुजी झाली’ असे मुले म्हणतात. तरुणपणापेक्षा उंची चारेक सेंटिमीटरने कमी झाली असेल, तर पाठीच्या कण्याचा एक्स-रे काढून घ्यावा.

आता खुब्याकडे. मांडीचे हाड वर निमुळते होऊन मानेसारखे वळते आणि तिच्या टोकाला सांध्यात बसणारा गोळा असतो. हाड या मानेत मोडून सरकले की पाय आखूड दिसतो, पंजा बाहेरच्या बाजूला वळतो आणि पडलेल्या माणसाला उठताच येत नाही. हे चित्र ओळखायला डॉक्टर लागत नाही. फसवे असते ते दुसरे चित्र: हाड मोडते, पण दोन्ही टोके एकमेकांत रुतून बसतात. आजोबा लंगडत का होईना, चालतात. दुखणे जांघेत असते, कधी तर फक्त गुडघ्यात. मग गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो नीट दिसतो आणि तेल लावून चोळणे सुरू होते. चार-सहा दिवसांनी रुतलेले हाड निसटते आणि साध्या स्क्रूवर भागले असते तिथे गोळा बदलावा लागतो. म्हणून म्हातारे माणूस पडल्यानंतर पाय टेकवताना दुखत असेल, तर खुब्याचा एक्स-रे हवाच. तो स्वच्छ आला आणि दुखणे मात्र हटत नसेल, तर एमआरआय करावा. सुरुवातीच्या एक्स-रेत काही फ्रॅक्चर दिसत नाहीत. तोवर चोळणे, ओढणे, शेकणे सगळे बंद.

एकाच घरात दोन भावंडांचे खुबे मोडतात आणि ऑपरेशने वेगवेगळी होतात, याचे लोकांना नवल वाटते. कारण रक्तपुरवठ्यात आहे. गोळ्याला जाणारे बहुतेक रक्त मानेवरून वर चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून येते. मान मोडून सरकली की त्या तुटतात, आणि देठ तुटलेल्या फळासारखा गोळा सुकू लागतो. तरुण रुग्णात तो वाचवण्यासाठी धावपळ करून स्क्रू बसवतात. सत्तरीत सहसा तो जुगार खेळत नाहीत. अर्धा किंवा पूर्ण सांधा बदलतात. मोड मानेच्या खाली असेल तर तिथे रक्त मुबलक असते, हाड जुळते. मग आतून रॉड किंवा बाहेरून प्लेट-स्क्रू पुरतो.

‘या वयात ऑपरेशन कशाला?’ हा प्रश्न वॉर्डाबाहेर हमखास विचारला जातो. पूर्वी पायाला वजन बांधून दहा-बारा आठवडे झोपवून ठेवत. त्या झोपण्यात पाठीला जखमा होत, छातीत कफ साठून न्यूमोनिया होई, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चार-पाच जणांमागे एक जण वर्षभरात दगावतो, आणि त्यात अंथरुणाचा वाटा मोठा असतो. ऑपरेशन केले की वेदना कमी होते, दुसऱ्या दिवशी रुग्ण बसतो, वॉकर धरून उभा राहतो. शक्य असेल तर ते दोन दिवसांच्या आत व्हावे, असा जगभरचा आग्रह आहे. साखर, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांचा बंदोबस्त करायला वेळ लागतो, तो द्यावा. पुण्याचा मुलगा, मुंबईची मुलगी आणि गावचे काका यांचे एकमत होईपर्यंत चार दिवस घालवू नयेत. खर्चाची चिंता असेल, तर महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला पहिल्याच दिवशी गाठावे.

आता पुन्हा मनगट, कारण वेळ हातात असते ती तिथे. मनगट दुखावल्याबरोबर बांगड्या आणि अंगठ्या काढाव्यात. तासाभराने सूज चढली की त्या कापाव्या लागतात. प्लास्टर घातल्यावर बोटे निळी किंवा गार पडली, बधिर झाली, किंवा औषध घेऊनही कळ वाढतच गेली, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. प्लास्टर सैल करून घेण्यात संकोच नको. बोटे, कोपर आणि खांदा पहिल्या दिवसापासून हलवत राहावे, नाहीतर मनगट सुधारते आणि खांदा आखडतो.

प्लास्टर सुटताना डॉक्टरांना डेक्सा तपासणीबद्दल विचारावे. खुबा आणि कंबर यांचे अतिशय कमी मात्रेच्या क्ष-किरणांनी हे मोजमाप होते. उत्तर ‘टी-स्कोअर’च्या आकड्यात येते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली आखून दिलेल्या मापानुसार उणे २.५ किंवा त्याखाली आकडा आला की ते ऑस्टिओपोरोसिस. शिबिरात टाचेला यंत्र लावून जी फुकट तपासणी होते, तिने फार तर संशय घेता येतो, निदान होत नाही. खुबा किंवा मणका साध्या पडण्याने मोडला असेल, तर आकडा कसाही आला तरी उपचारांचा विचार करावाच लागतो. सोबत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, क्रिएटिनिन या रक्ततपासण्या होतात. हाड पोखरणारा मायलोमासारखा आजार लपलेला नाही ना, हेही पाहतात.

उपचाराबद्दल मोठा गैरसमज कॅल्शियमचा. ते पायाचे सामान आहे. १०० ग्रॅम नाचणीतून साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम मिळते, एका मोठ्या पेल्याभर दुधातून तीनशेच्या आसपास, शिवाय तीळ आहेतच. दिवसाची गरज हजार-बाराशे. पण ठिसूळ झालेले हाड नुसत्या कॅल्शियमने सावरत नाही, झीज थांबवणारे औषध लागते. अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नये, चहाही घेऊ नये; नाहीतर अन्ननलिका भाजते आणि औषध वाया जाते. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड वर्षातून एकदा सलाइनमधून देतात. त्याआधी ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढावी लागते, मूत्रपिंड तपासावे लागते, आणि दात काढायचे असतील तर ते आधी उरकून घ्यावे. सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन मनाने बंद करू नये. ते चुकले तर झीज उसळी घेते आणि मणके दबू शकतात. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, ही ठरावीक आठवड्यांपुरतीच. ती वर्षानुवर्षे घेत राहिल्याने रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण येतात.

औषधाइतकेच घराकडे पाहावे. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रीचा मंद दिवा, कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा, गुळगुळीत टाइल्सवर न सरकणारी चटई, झिजलेल्या स्लिपरची हकालपट्टी. मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नये. झोपेची गोळी आणि उठताना चक्कर आणणारी रक्तदाबाची गोळी, दोन्ही डॉक्टरांना पुन्हा दाखवाव्यात.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात १९९९ मध्ये एक साधी व्यवस्था सुरू झाली. फ्रॅक्चर घेऊन आलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक रुग्णाला प्लास्टरपाठोपाठ हाडांच्या तपासणीलाही बोलवायचे, आणि ते काम एका परिचारिकेकडे सोपवायचे. तेच सूत्र पुढे अनेक देशांनी उचलले. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अजून असे बोलावणे येत नाही, म्हणून ते काम घरच्यांनी करायचे आहे. घरातल्या पन्नाशी ओलांडलेल्या कोणाचे मनगट मागे कधी साध्या पडण्याने मोडले असेल, तर कपाटातला तो जुना एक्स-रे काढा आणि या महिन्यात त्यांना डेक्सासाठी घेऊन जा.