रोव्हर्स कप : पलटणींच्या यादीत आपले संघ

शंका : 'रोव्हर्स ही देशातली सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा', असं माझे वडील सांगत. हे खरं आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

समाधान : सर्वांत जुनेपणाचा मान ड्युरंड कपचा. हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव सर मॉर्टिमर ड्युरंड यांनी तो १८८८ मध्ये सिमल्याला सुरू केला. पुढच्या वर्षी कलकत्त्यात ट्रेड्स कप आला, १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स आणि १८९३ मध्ये कलकत्त्यात आयएफए शील्ड. म्हणजे ड्युरंड आणि रोव्हर्समध्ये अंतर अवघं तीन वर्षांचं. शिवाय ड्युरंड कप १९४० मध्ये सिमल्याहून दिल्लीला गेला, रोव्हर्सने मात्र मुंबई सोडली नाही. मुंबईकराला रोव्हर्सच थोरला वाटावा, यात नवल नाही.

शंका : मोहन बागानने १९११ मध्येच गोऱ्या पलटणीला हरवून शील्ड जिंकली. मग रोव्हर्सवर भारतीय संघाचं नाव लागायला १९३७ का उजाडलं? भारतीयांना बंदी होती का? (एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली)

समाधान : तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. आधी रोव्हर्सची सुरुवातीची विजेत्यांची यादी पाहा. पहिल्याच वर्षी वूस्टरशायर रेजिमेंट, आणि पुढे चाळीसहून अधिक वर्षं एकामागून एक ब्रिटिश पलटणी. ही स्पर्धा लष्करी छावण्यांच्या जिवावर वाढली. पहिल्या महायुद्धात पलटणी रणांगणावर गेल्या, तेव्हा ती बंदच ठेवावी लागली.

पलटणीतल्या खेळाडूला सरावाला वेळ मिळे, बूट मिळत, खाणंपिणं आणि प्रवास सरकारी खर्चाने होई. आपल्या क्लबांत कारकून आणि विद्यार्थी. कलकत्त्याचा संघ मुंबईला आणायचा, तर अकरा-बारा जणांच्या रजा, आगगाडीचं भाडं, राहण्याची सोय हे सगळं जुळवावं लागे. त्यावर निमंत्रणाचाही प्रश्न होता. मोहन बागानला रोव्हर्सचं निमंत्रण आलं ते १९२३ मध्ये, शील्ड जिंकल्यावर बारा वर्षांनी. गोष्ठ पाल तेव्हा कर्णधार होते. संघ थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला, तिथे डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्याला ४-१ असं हरवलं. पण भारतीय नागरी संघ रोव्हर्सच्या अंतिम सामन्यात उभा राहू शकतो, एवढं त्या वर्षी सिद्ध झालं.

१९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने कप जिंकला आणि १९३८ मध्ये तो आपल्याकडेच राखला. बंगलोर हे छावणीचं गाव. जे फुटबॉल पलटणींनी तिथे आणलं, ते शिकून तिथल्या मुलांनी पलटणींचाच कप नेला. १९४० चा अंतिम सामना तर दोन भारतीय संघांमध्ये झाला : कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने बंगलोर मुस्लिम्सवर १-० अशी मात केली. त्याच वर्षी मोहमेडनने रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला हरवून ड्युरंडही घेतला.

माझं स्पष्ट मत सांगतो. १९११ चा विजय मोठाच, पण तो स्वतःच्या गावात, आपल्या माणसांच्या गर्दीपुढे मिळाला होता. बंगलोरच्या पोरांनी परक्या शहरात येऊन कप नेला, तोही लागोपाठ दोनदा. या दोन्ही विजयांचं मोल मला सारखंच वाटतं. एकावर पुस्तकं निघाली, चित्रपट झाले आणि दुसरा आपल्याच मुंबईत घडूनही आपल्याला ठाऊक नाही, याचं वाईट वाटतं.

शंका : जुने भारतीय खेळाडू खरोखर अनवाणी खेळत, की ही दंतकथा? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

समाधान : अगदी खरं आहे. १९११ च्या मोहन बागान संघात बूट घालणारे एकटे सुधीर चटर्जी, बाकीचे दहा अनवाणी. कोरड्या मैदानावर उघड्या पायाने चेंडूवर ताबा छान राहतो, पण पावसाच्या चिखलात पाय घसरतो आणि बूटवाल्याची लाथ बसली तर नख उखडतं. मोहमेडनने १९३० च्या दशकात ओल्या मैदानावर बूट वापरायला सुरुवात केली, त्यांच्या यशाचं ते एक मोठं कारण. तरीही १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच होते.

शंका : स्पर्धा मुंबईची, मग मुंबईचे क्लब विजेत्यांत इतके कमी का? (एक वाचक, गिरगाव)

समाधान : मुंबईचा जीव क्रिकेटमध्ये गुंतला होता. पारशी, हिंदू, इस्लाम या जिमखान्यांची सगळी ईर्षा चौरंगी-पंचरंगी सामन्यांत खर्च होई. फुटबॉल जपलं ते प्रामुख्याने गोव्याहून पोटासाठी आलेल्या माणसांनी. धोबी तलावच्या परिसरात त्यांच्या गावोगावच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांनी एकत्र राहायच्या जागा, होत्या. पुढे कंपन्यांचे संघ उभे राहिले, खेळाडूंना नोकरी मिळू लागली, तेव्हा चित्र बदललं. १९५८ मध्ये कॅल्टेक्सने रोव्हर्स जिंकला. त्याआधी दोनच वर्षं, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा मुंबईच्या मैदानांवरच खेळणारा गोवेकर.

तरी त्या दशकात मुंबईच्या कूपरेज मैदानावर खरं राज्य केलं हैदराबाद पोलिसांनी. सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेल्या या संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षं कप नेला. याच रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ मध्ये आशियाई सुवर्णपदकं मिळवली.

शंका : रोव्हर्स आता होतो का? आमच्या घरी जुने फोटो आहेत, त्यांचं काय करावं? (एक वाचक, पुणे)

समाधान : नाही. २०००-०१ च्या हंगामानंतर ही स्पर्धा झालेली नाही. शेवटचा कप मोहन बागानने नेला. १९२३ ला हरलेला हा संघ १९५५ मध्ये पहिल्यांदा जिंकला आणि पुढे सर्वाधिक वेळा विजेता ठरला. ड्युरंड आजही खेळला जातो, तेव्हा रोव्हर्स कायमचा मिटला हे मला मान्य नाही. मुंबईने तो पुन्हा सुरू करायलाच हवा.

फोटो मात्र आजच काढून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवा, खेळाडूंची नावं, वर्ष आणि सामना विचारा. मागे शाईच्या पेनाने लिहू नका, ओल लागली की शाई पसरते. मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा आणि प्रत्येक फोटोची एक प्रत काढून वेगळी ठेवा.