भुयारी गटारात उतरण्यापूर्वी

शहराचे आरोग्य राखणारे बरेचसे काम जमिनीखाली चालते. मलवाहिनी तुंबली की नगरपालिकेकडे तक्रार येते आणि सफाई कामगार मॅनहोलपाशी जाऊन उभा राहतो. तेथील धोका डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच या कामातील सुरक्षितता अनुभवावर वा धाडसावर न सोपविता ठराविक नियमांनी सांभाळावी लागते.

नाकावर भरवसा नको

साचलेला मैला हवेअभावी कुजू लागला म्हणजे हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू निर्माण होतात. पहिला विषारी, तर दुसरा ज्वालाग्राही आहे. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. अल्प प्रमाणात त्याला कुजलेल्या अंड्यांसारखा वास येतो. परंतु हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे १०० भाग झाला की घ्राणशक्तीच बधिर होते. वास थांबला म्हणजे वायू गेला, असे समजणे प्राणघातक ठरते. मोकळ्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो, तो १९.५ टक्क्यांहून कमी असलेल्या जागी उतरणे सुरक्षित नाही. गाळ ढवळताच त्यात अडकलेला वायू एकाएकी बाहेर पडतो. त्यामुळे हवेची तपासणी काम चालू असतानाही करीत राहावी लागते.

कामाचा क्रम

माणसाला खाली उतरवावेच लागू नये, ही पहिली खबरदारी होय. जेटिंग व सक्शन यंत्रे त्यासाठीच आहेत. उतरणे अटळच असेल, तर प्रथम मागचे व पुढचे मॅनहोल उघडून हवा खेळती करावी. नंतर वायुमापक यंत्राने तळापर्यंतची हवा तपासावी. विडी-काडी वा उघडा दिवा जवळपास नसावा. कामगाराच्या अंगावर सुरक्षापट्टा असावा व त्याला बांधलेल्या दोराचे टोक वर उभ्या असलेल्या सहकाऱ्यांच्या हाती असावे. नाकातोंडावर बांधलेला रुमाल वायू अडवू शकत नाही. शुद्ध हवा पुरविणारा श्वसनसंचच हवा.

खाली कोणी कोसळला की वरचा सोबती धावून आत उतरतो आणि तोही बळी पडतो, असे अनेक दुर्घटनांत घडले आहे. अशा वेळी दोरानेच वर ओढावे व अग्निशमन दलास तत्काळ बोलवावे. श्वसनसंचाशिवाय कोणीही उतरू नये.

कायद्याची जबाबदारी

संरक्षक साधनांवाचून मलवाहिनीत उतरविण्यास २०१३ च्या केंद्रीय अधिनियमाने मनाई केली आहे. थेट असो वा अप्रत्यक्षपणे, अशा कामास माणूस लावणे हा गुन्हा असून पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मृताच्या वारसांना द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये ठरविली होती. २०२३ मध्ये ती ३० लाख करण्यात आली.

भरपाईने घरचा कर्ता माणूस परत येत नाही. साधने पुरेशी नसतील त्या दिवशी काम थांबविण्याचा आदेश पर्यवेक्षकाने द्यावा व कामगारानेही निःसंकोचपणे नकार द्यावा. कंत्राटी कामगारासही हाच नियम लागू व्हावयास हवा.